अमेरिकेत वाट्टेल ती बंदूक चालत नाही
अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवरचा लेख वाचून वाटतं, अमेरिकेत कुठलीही बंदूक उचला आणि हरणामागे जा. आम्ही ओहायोत राहतो, इथे तसं मुळीच नाही. शॉटगन असेल तर एका नळीत एकच गोळी किंवा स्लग (शॉटगनची जाड, एकसंध गोळी). छर्रे चालत नाहीत. रायफलला 2014 मध्ये परवानगी मिळाली, तीही बाटलीसारखी मान नसलेल्या, सरळ काडतुसांच्याच रायफलला. त्यांची गोळी लवकर मंदावते. सपाट शेतं आणि कडेला घरं, त्यामुळे हे बरंच! चेंबर (गोळी झाडली जाते तो कप्पा) आणि मॅगझिन (पुढची काडतुसं ठेवायची जागा) मिळून 3 पेक्षा जास्त काडतुसं नाहीत. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर गन सीझन (बंदुकीने शिकारीचा हंगाम) लागला की आमचे शेजारी भडक नारिंगी जाकीट चढवतात, कारण ते सक्तीचं आहे. (हरणाला म्हणे तो रंग धड ओळखताही येत नाही.) धनुष्यबाणाचा सीझन वेगळा, त्यात क्रॉसबोही (बंदुकीसारखा धरून घोडा दाबायचा धनुष्य) चालतो.