अडीच लाखांच्या वर आठ हजार

आज दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, स्वाधारचा फॉर्म बाद झाला." स्वाधार म्हणजे शिकणाऱ्या पोरांना जेवणा-राहण्याचे पैसे देणारी सरकारी योजना. बाद होण्याचं कारण एका ओळीचं: उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त. दाजींचा दाखला २,५८,००० चा निघालाय आणि मर्यादा अडीच लाखांची. तेव्हापासून डोकं जाग्यावर नाही, म्हणून लिहितोय.

दाजी एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर आहेत. पोरगा बारावीनंतर पुण्याला जाणार म्हणून गेलं वर्षभर रविवारी ओव्हरटाइम केला, दिवाळीतसुद्धा. त्याच ओव्हरटाइमनं पोराचा फॉर्म खाल्ला.

पुण्यासाठी स्वाधारचे वर्षाला ६०,००० मिळतात. जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाह भत्ता ८,०००. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या आपल्या, म्हणजे अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांसाठीच २०१६-१७ पासून ही योजना आहे. आणि अडीच लाख म्हणजे महिन्याला २०,८३३. त्यात खोलीभाडं, गावाकडच्या म्हाताऱ्यांचं औषधपाणी, धाकटीची शाळा. आरक्षणात ओबीसी वगैरेंच्या नॉन-क्रिमीलेअरला आणि खुल्या गटातल्या गरिबांच्या ईडब्ल्यूएसला हद्द ८ लाखांची. मग आमच्या लेकरांच्या भाकरीलाच अडीच लाखांचं कुलूप का?

१९९८ साली औरंगाबादला मलाही वसतिगृह मिळालं नव्हतं. मी आणि माझा रूम पार्टनर एका डब्यावर दोघं जेवायचो. चार पोळ्या, दोन-दोन. भाजी आधी तो वाढून घ्यायचा आणि कमी घ्यायचा, हे मला फार उशिरा कळलं. फेब्रुवारीत तो गावी गेला तो परत आलाच नाही. गणितात माझ्या कितीतरी पुढे होता.

मर्यादा कुठेतरी घालावीच लागते, मान्य. खोटे दाखले काढणारे आहेत, तेही मान्य. पण ज्याचा पगार बँकेत जमा होतो त्याचा रुपया न् रुपया दिसतो, आणि रोखीत धंदा करणारा सांगेल ते उत्पन्न. सापडतो कोण? पगाराची स्लिप असलेला कामगार!

आणि ८,००० जास्त भरले तर ८,००० कापा ना. ५२,००० द्या. पार शून्य कशासाठी? पन्नास टक्के मार्क मागा, पंचाहत्तर टक्के हजेरी मागा, पोरं देतील. बापानं जास्त राबू नये ही कसली अट?

खिडकीवरच्या बाईंनी पोराला बसवून, पाणी देऊन सगळं समजावलं म्हणे. त्यांच्यावर राग नाही. नियम त्यांनी केलेला नाही.

संध्याकाळी भाच्याला विचारलं, जेवलास का? म्हणाला, "मेस एकच वेळची लावलीय मामा, दुसऱ्या वेळचं मित्राबरोबर भागवतो." मला त्या चार पोळ्या दिसल्या. पंचवीस वर्षं उलटून गेली रे बाबांनो, आणि अजून एका डब्यावर दोघं. त्याला सांगितलं, उद्यापासून दोन्ही वेळची लाव, पैसे मी पाठवतो. पण त्याच्या त्या मित्राचे कोण पाठवणार?

आत्ता दाजींचा फोन येऊन गेला. "पुढच्या साली ओव्हरटाइमला नाही म्हणू का?" एवढंच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी रजा टाकून भाच्याबरोबर अर्ज घेऊन जातोय. तुमच्यापैकी कुणाचा फॉर्म असाच थोडक्यासाठी अडकून नंतर मंजूर झाला असेल तर आज रात्रीच फोन करा. जय भीम.