पित्त म्हणून सोडून दिलेली डोकेदुखी

दहावीच्या वर्षी माझे डोके पहिल्यांदा तसे दुखले. उजव्या भुवईच्या वर नाडीबरोबर ठसठसणारी कळ, खिडकीतला उजेड नकोसा, शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट थेट कवटीत चालल्यासारखा, आणि संध्याकाळी उलटी झाल्यावर थोडा उतार. आई म्हणाली, "पित्त झालंय, पडलं ते बरं झालं." आईला तसेच व्हायचे, आजीलाही व्हायचे, त्यामुळे आमच्या घराण्यातच पित्त आहे असे ठरून गेले. मला अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, आहे हे एका डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी 31 वर्षांची होते.

मधल्या वर्षांत उपाय झाले नाहीत असे नाही. चष्म्याचा नंबर दोनदा तपासला, सायनसचा एक्स-रे काढला, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाल्ली, दृष्ट काढून घेतली. एका दवाखान्यात मला "लग्न झालं की थांबेल" असे सांगितले गेले आणि लग्नानंतर दुसरीकडे "एक मूल होऊ द्या" असे. डोके महिन्यातून किती दिवस दुखते, एका बाजूने दुखते का, उजेडाचा त्रास होतो का, एवढे तीन प्रश्न या सर्व काळात मला कोणीही विचारले नाहीत. ज्यांनी अखेर विचारले, त्यांना निदानासाठी पंधरा मिनिटे पुरली.

पित्त या शब्दाबद्दल मला मनापासून बोलायचे आहे, कारण आपल्याकडचा सर्वांत मोठा उशीर त्याच शब्दात आहे. मळमळ आणि उलटी हा मायग्रेनच्या झटक्याचाच भाग असतो; पोट बिघडले म्हणून डोके दुखत नाही. उलटीनंतर उतार पडतो, म्हणून पित्तावर आपला विश्वास बसतो आणि मग अनेक वर्षे आपण मेंदूच्या आजारावर आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतो. उपचारांविना हा झटका 4 ते 72 तास टिकू शकतो. तो अनेकदा घराण्यात चालत येतो, पण आईला होता म्हणून लेकीने सोसावा, असा याचा अर्थ होत नाही. हा आजार दुर्मीळही नाही. शेजारच्या कर्नाटकात, बंगळूर आणि आसपासच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत दर चार प्रौढांमागे जवळजवळ एकाला वर्षभरात मायग्रेन झाल्याचे आढळले होते, आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त असते.

सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात शेजारी विड्या वळणाऱ्या एक अक्का राहतात. मांडीवर सूप, पुढ्यात कापलेली पाने, आणि कपाळावर ओढणीची घट्ट गाठ, अशाच त्या मला गेली कित्येक वर्षे दिसतात. एकदा त्यांनी उशाखालची कॅरीबॅग उघडून दाखवली, तर आत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. आम्ही दोघींनी बसून हिशोब केला, तेव्हा एका महिन्यात 19 दिवस गोळी घेतलेली निघाली. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा त्याहून अधिक दिवस, असे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागू शकते, हे अक्कांना कोणी सांगितले नव्हते. मिश्र घटकांच्या गोळ्यांसाठी ही मर्यादा 10 दिवसांचीच आहे. त्यांनी मागितली तशी मेडिकलवाल्याने पट्टी कापून दिली. त्याने एक वाक्य बोलायला हवे होते, असे मला तीव्रतेने वाटते.

"दवाखान्यात का गेला नाहीत?" असे मी विचारले. अक्का म्हणाल्या, "ताप असता तर गेले असते बाई, डोकं तर सगळ्यांचंच दुखतंय की."

सोलापुरात डॉक्टर नाहीत म्हणून हे घडते, असे म्हणता येणार नाही. येथे 1963 साली सुरू झालेले, आज शासकीय असलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मायग्रेन ओळखायला बहुतेक वेळा स्कॅनही लागत नाही, नीट ऐकून घेणारा फॅमिली डॉक्टर पुरतो. अडते ते दुसरीकडे. हजार विड्यांमागे मजुरी असलेल्या बाईसाठी केसपेपरच्या रांगेतली सकाळ म्हणजे बुडालेली कमाई असते, आणि एवढे करून स्कॅन काढलाच तर "रिपोर्ट नॉर्मल आहे" हे वाक्य ऐकून घरचे म्हणतात की हिला काहीच झालेले नाही. मायग्रेनमध्ये रिपोर्ट सहसा नॉर्मलच येतो. दुखणे थांबवणाऱ्या औषधांखेरीज झटके कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी, स्वस्त औषधेही आहेत, पण ती कोणाला आणि किती द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

काही वेळा मात्र एक दिवसही थांबू नये: क्षणार्धात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, सोबत ताप व मान आखडणे, हातापायातली शक्ती जाणे, बोबडी वळणे, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेला त्रास.

अक्कांना घेऊन येत्या सोमवारी सिव्हिलला जायचे ठरवले आहे. पट्ट्यांची कॅरीबॅग आणि दुखण्याच्या दिवसांवर टिंबे दिलेले कॅलेंडरचे पान बरोबर असेल. सोमवारचा खाडा भरून काढण्यासाठी त्या रविवारी रात्री जागून विड्या वळणार आहेत, आणि जागरण झाले की त्यांचे डोके हमखास दुखते.