'इजिप्त दोन दिवसांत उरका' सांगणाऱ्या फॉरवर्डचा प्रतिवाद

इजिप्तच्या सहलीचा विषय निघाला की घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येऊन पडतो. त्याचा सारांश असा: 'मुलांना घेऊन जाताय तर दोन दिवस पुरे. पिरॅमिडच्या आत जाऊन या, चित्रंबित्रं तिथेच आहेत. लक्सरची थडगी सगळी सारखीच, आणि एका तिकिटात सगळी येतात. मे महिन्यात जा, स्वस्त पडतं, जमिनीखाली गारच असतं. तुतनखामुन राजाची ममी आणि मुखवटा कैरोच्या जुन्या म्युझियममध्ये बघा. फोटोला बंदी आहे, पहारेकऱ्याच्या हातावर काहीतरी टेकवा.' शेवटी 'तुतनखामुनचं थडगं उघडणारे शापाने मेले' अशी शेपटीही असते. यातली स्वस्ताईची गोष्ट तेवढी खरी. बाकीचं चुकीचं आहे किंवा जुनं झालं आहे.

'पिरॅमिडच्या आत चित्रं आहेत.' गिझाच्या सर्वांत मोठ्या, खुफू राजाच्या पिरॅमिडमध्ये एकही चित्र नाही. आधी सुमारे 39 मीटर लांबीचा चढता बोगदा लागतो. त्याची उंची जेमतेम 1.2 मीटर आणि चढ 26 अंशांचा, म्हणजे मोठ्या माणसाला पूर्ण वेळ कमरेत वाकून चढावं लागतं. पुढे साडेआठ मीटर उंचीची ग्रँड गॅलरी आणि शेवटी ग्रॅनाइटची रिकामी खोली, तिच्यात झाकण नसलेली दगडी शवपेटी. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद वाटेने जातात, त्यामुळे मध्येच 'मला परत जायचंय' म्हणणाऱ्या मुलाला वळवणं अवघड होतं. लहान मुलांना फारसं वाकावं लागत नाही, ती भराभर चढतात; गुडघे आणि कंबर धरते ती आजी-आजोबांची. आत जायचं तिकीट वेगळं असतं. बंद जागेची भीती, दमा किंवा गुडघेदुखी असेल तर ते काढूच नका.

भिंतीवरचा मजकूर पाहायचा असेल तर सक्काराला जा, गिझाहून गाडीने तासाभराच्या आतलं अंतर आहे. पिरॅमिडच्या आत कोरीव लेख पहिल्यांदा आले ते तिथल्या उनास राजाच्या, साधारण इ.स.पू. 2350 च्या सुमाराच्या. जवळच मेरेरुका या वजिराचं तीसहून जास्त खोल्यांचं थडगं आहे. मासेमारी, पाणघोड्यांची शिकार, तरसांना जबरदस्तीने भरवणारी माणसं, सगळं भिंतींवर कोरलेलं. मुलांना बोट दाखवून ओळखता येईल असं इतकं काही खुफूच्या पिरॅमिडमध्ये नाही.

'थडगी सगळी सारखीच, एका तिकिटात सगळी.' सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. लक्सरच्या व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये, म्हणजे राजांच्या थडग्यांच्या दरीत, साठाहून जास्त थडगी आणि खोदकामं सापडली आहेत, पण एका वेळी मोजकीच उघडी असतात आणि तीही आलटून पालटून. साध्या तिकिटात त्यांतली कोणतीही तीन पाहता येतात. तुतनखामुन, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस यांच्या थडग्यांची तिकिटं वेगळी. ती प्रवेशद्वाराजवळच्या खिडकीवरच घ्यावी लागतात. थडग्याच्या दाराशी पोहोचल्यावर आठवण झाली, तर उन्हात खालपर्यंत परत यावं लागतं. बऱ्याच मोठ्या ठिकाणी रोख घेत नाहीत, म्हणून परदेशात चालणारी दोन कार्डं जवळ असू द्या. विद्यार्थ्यांना सवलत असते, पण वैध ओळखपत्र दाखवावं लागतं. नुसत्या शाळेच्या गणवेशातल्या फोटोवर कोणी सोडत नाही.

आता तीन कोणती? सोबत आजी किंवा तीन-चार वर्षांचं मूल असेल तर चौथा रामसेस. वाट रुंद, उतार कमी, आणि छतावर आकाशदेवी नुट आडवी पसरलेली. याच थडग्याचा प्राचीन आराखडा पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर) काढलेला सापडला, तो आज इटलीत तुरीनला आहे. दुसरं तिसऱ्या रामसेसचं. ते खोदताना कामगार चुकून शेजारच्या थडग्यात घुसले, म्हणून मार्गिका मध्येच बाजूला सरकवून पुढे नेली. हा वाकडेपणा मुलांना आधी सांगू नका, शोधू द्या. बाजूच्या लहान खोल्यांत भाकऱ्या भाजणारे, शस्त्रं आणि वीणेसारखी हार्प वाजवणारे आहेत. तिसरं, पाय धड असतील तर, तिसऱ्या थुटमोसचं: कड्यातल्या फटीपर्यंत जिना चढायचा, मग आत खोल उतरायचं. तिथली लंबगोल खोली पपायरसच्या गुंडाळीसारखी रंगवली आहे आणि आकृत्या नुसत्या रेघांच्या. ही तीन एकामागून एक पाहिल्यावर कोणी 'सारखीच' म्हणेल असं वाटत नाही. प्रत्येकी वीस मिनिटं पुरतात; चौथं आणि पाचवं जोडलं की मात्र मुलं खरोखर कंटाळतात.

तुतनखामुनचं थडगं आकाराने लहान आहे. तो विशीच्या आत गेला आणि चित्रं फक्त दफनखोलीतच आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर बारा बबून माकडं आहेत, मुलांना मोजायला लावा.

राजांखेरीजची थडगी तर फॉरवर्डला माहीतच नाहीत. लक्सरजवळचं देर अल-मदिना हे राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथल्या सेन्नेजेमच्या छोट्या खोलीत नवरा-बायको परलोकातल्या शेतात नांगरताना दिसतात, रंग अजून ताजे वाटावेत असे. धान्याचा शिधा थकला म्हणून तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी याच गावाने काम बंद केलं होतं, त्याची लेखी नोंद उरली आहे. याचं तिकीट जागेवर मिळेल असं धरून चालू नका. मेमनॉनच्या पुतळ्यांच्या (दोन प्रचंड दगडी पुतळ्यांच्या) पुढच्या तिकीटघरातून आधी घ्यावं लागतं.

'मे महिन्यात जा, आत गारच असतं.' लक्सरला मेपासून ऑगस्टपर्यंत पारा चाळिशीपार जातो, आणि थडग्यात शिरून सुटका होत नाही. हवा खेळत नाही, शेकडो माणसांचा श्वास आणि घाम आत कोंडतो, त्यामुळे आत दमट उकाडा असतो. हीच ओल भिंतीतले क्षार बाहेर काढते, क्षारांचे स्फटिक गिलावा फुगवतात आणि रंगाचे पापुद्रे गळतात. राणी नेफर्तारीच्या थडग्याची अशीच दैना झाली होती, 1986 ते 1992 या काळात ते जतन करावं लागलं. अजिंठ्याला गर्दी आणि फ्लॅशला आवर घालतात त्यामागेही श्वासाची ओल आणि प्रकाश यांचीच काळजी असते. शाळेचं वेळापत्रक पाहता दिवाळीची सुट्टी उत्तम. नाताळात हवा छान, पण रांगा मोठ्या. मे महिन्याशिवाय इलाजच नसेल तर नाईलच्या पश्चिम तीरावर, जिथे ही थडगी आहेत, सकाळी सहाला दार उघडताना हजर राहा आणि दहाला हॉटेलवर परता.

'ममी आणि मुखवटा जुन्या म्युझियममध्ये.' तुतनखामुनची ममी लक्सरला त्याच्या थडग्यातच आहे, काचेच्या पेटीत. मुखवटा आणि त्याचा खजिना आता गिझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये. इतर बावीस राजे-राण्यांच्या ममी 3 एप्रिल 2021 रोजी मिरवणुकीने कैरोतल्याच फुस्तात भागातल्या संग्रहालयात गेल्या. तहरीर चौकातल्या त्या जुन्या म्युझियममध्ये पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण मुलाला मुखवट्याचं आमिष दाखवून तिथे नेऊ नका.

'फोटोला बंदी.' मोबाइलने, फ्लॅश न लावता, बहुतेक ठिकाणी फोटो काढता येतो. पहारेकरी दोरीपलीकडे बोलावून 'इथून काढा' म्हणतो आणि मग बक्षीस मागतो. तिथे हसून 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) म्हणावं. सामान उचलणाऱ्याला, स्वच्छतागृहातल्या माणसाला द्यायला मात्र सुटे पाउंड खिशात हवेतच.

'दोन दिवस पुरे.' कैरो ते लक्सर रस्त्याने सुमारे 650 किलोमीटर, लक्सर ते असवान आणखी दोनशेच्या वर, असवान ते अबू सिंबेलचं देऊळ 280 च्या आसपास. कैरो-गिझा-सक्काराला तीन दिवस, लक्सरला तीन, असवानला दोन, आणि प्रवास धरून नऊ-दहा. लक्सरचं देऊळ संध्याकाळी दिवे लागल्यावर पाहा, तिथलंच कर्नाकचं देऊळ सकाळी. कर्नाकच्या सभामंडपात 134 खांब आहेत, दुपारी तिथे दगड तापतात. अबू सिंबेलला पहाटे चारच्या सुमाराला निघावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी मुलांना लवकर झोपवा. असवानच्या धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी ते देऊळ 1964 ते 1968 दरम्यान कापून सुमारे 65 मीटर वर नेलं, हे गाडीतच सांगून ठेवलं तर तिथे पोहोचल्यावर मुलं सांधे शोधत फिरतात.

शापाचं काय? तुतनखामुनच्या थडग्यात शापाचा लेख नव्हता. उत्खननाचा खर्च करणारा लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल 1923 मध्ये गेला तो डास चावलेली जागा चिघळून. थडगं उघडणारा हॉवर्ड कार्टर 1939 पर्यंत जगला. मुलं तिथे आजारी पडतात ती नळाच्या पाण्याने, उघड्यावरच्या कापलेल्या फळांनी आणि उन्हाने. सीलबंद बाटलीचंच पाणी, दात घासायलासुद्धा. माणशी दोन टोप्या, कारण एक नाईलमध्ये उडतेच. आणि ओआरएसची पाकिटं इथूनच न्या.