चाळीस फोल्डरची लिमिट डिस्कवर नाहीये हो, मेमरीत आहे

अटारी एसटी ह्या 1980 च्या दशकातल्या कंप्युटरबद्दल एक दावा बरेच दिवस फिरतोय, जुन्या कंप्युटरच्या नादाला लागलेल्या प्रत्येक नव्या माणसाला कोणीतरी तो पाठवतंच. साधारण असा: "एसटीच्या हार्ड डिस्कवर 40 च्या वर फोल्डर ठेवता येत नाहीत, ठेवले तर डिस्क खराब होते. म्हणून फोल्डर डिलीट करा, जास्त पार्टिशन पाडा नाहीतर रॅम 4 एमबी करून घ्या. फोल्डर100 हा प्रोग्रॅम टाकलात तर लिमिट 100 होते. टॉस (एसटीची ऑपरेटिंग सिस्टिम) 1.04 च्या चिप बसवल्या की विषय संपला. आणि एम्युलेटरवर (पीसीवर एसटीची नक्कल करणारा प्रोग्रॅम) हे होतच नाही, म्हणजे बहुतेक अफवाच असणार."

एकाच दमात लिमिट आहे पण आणि अफवा पण! असो. माझ्याकडे 1040 एसटीएफ आहे, जर्मनीत नोकरीला होतो तेव्हा तिथल्या जुन्या बाजारातून उचललेलं, टॉस 1.02 वालं, मागे अल्ट्रासॅटन लावलाय म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसडी कार्ड. ह्या चाळीसच्या भानगडीत मी स्वतः पोळलोय म्हणून लिहितोय.

"डिस्कवर 40 च्या वर फोल्डर ठेवता येत नाहीत." ठेवता येतात. 400 ठेवा, डिस्कला काही फरक पडत नाही, तिच्यावर असा आकडा कुठेही लिहिलेला नाही. लिमिट आहे ती जेमडॉसच्या डोक्यात. जेमडॉस म्हणजे टॉसमधला फायली सांभाळणारा भाग, त्याच्याकडे मेमरीचा एक छोटासा ठरलेला तुकडा असतो आणि मशीन चालू केल्यापासून जो जो फोल्डर त्याच्या नजरेला पडला त्याची नोंद तो त्यात करून ठेवतो. शाळेतली पाटी समजा. नाव लिहायचं माहीत आहे, पुसायचं माहीत नाही. तुम्ही फोल्डर बंद करा, दुसऱ्या ड्राइव्हवर जा, पाटीवरचं नाव तसंच. साधारण चाळीस नावं झाली की पाटी भरली. रीसेट मारला की पाटी कोरी.

म्हणजे प्रश्न "डिस्कवर किती आहेत" हा नाहीच, "चालू केल्यापासून किती बघितले" हा आहे. माझ्या कार्डावर तेव्हा सत्तरएक फोल्डर होते आणि महिनाभर एकदाही त्रास झाला नाही, कारण एका बैठकीत मी सात-आठच उघडायचो. एक दिवस सहज म्हणून पार्टिशनच्या आयकॉनवर शो इन्फो केलं, किती जागा उरली बघायला, आणि संपलं. शो इन्फो त्या पार्टिशनमधला एकूणएक फोल्डर आतपर्यंत फिरून मोजतं ना, म्हणजे सगळी नावं एका झटक्यात पाटीवर. स्क्रीनवर बॉम्बच्या चित्रांची रांग, म्हणजे एसटी क्रॅश. बॅकअप घेताना आणि फाइल शोधताना पण हेच होतं, त्यामुळे बॅकअपच्या आधी एकदा रीसेट मारायची सवय लावून घ्या.

आणि 40 हा आकडा पण दगडावरची रेघ नाही. त्याच तुकड्यातून उघड्या फायलींच्या आणि प्रोग्रॅमना दिलेल्या मेमरीच्या नोंदी पण होतात, तेव्हा कधी आधीच भरतं. एक मान्य करतो, डिस्क खराब होऊ शकते हे खरंय. पाटी भरली असताना काही सेव्ह करायला गेलात तर फोल्डर गायब दिसण्यापासून डेटा उडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. पण ते फोल्डर जास्त ठेवल्यामुळे नाही, हिशोब हरवलेला जेमडॉस डिस्कवर लिहायला बसला म्हणून.

"फोल्डर डिलीट करा." वरचं वाचलंत तर कळलंच असेल. वर्षभर न उघडलेला फोल्डर डिलीट करून काय मिळणार, तो मोजलाच जात नव्हता. हां, एका फोल्डरमधले वीस बारके फोल्डर मोडून एकत्र केलेत तर थोडा फायदा आहे.

"जास्त पार्टिशन पाडा." हा सगळ्यात उलटा सल्ला. प्रत्येक पार्टिशनची रूट डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यात वरची यादी, पण पाटीवर एक ओळ खाते, आणि पाटी सगळ्या ड्राइव्हना मिळून एकच आहे. जुन्या टॉसवर साधं पार्टिशन 16 एमबीच्या वर जात नव्हतं, म्हणजे अटारीची मेगाफाइल 60 घेतली की चार पार्टिशन तशीही पाडावीच लागायची, म्हणजे चार ओळी सुरुवातीलाच गेल्या. मला वाटतं हा गैरसमज रूट डिरेक्टरीच्या वेगळ्या लिमिटवरून आलाय. रूटमध्ये किती नावं मावणार हे फॉरमॅट करतानाच ठरतं, एसटीच्या फ्लॉपीवर 112, आणि तिथे फाइल काय नि फोल्डर काय, दोन्ही मोजतात. ती लिमिट खरंच डिस्कवरची आहे, आणि तिच्यावर उपाय काय, तर फोल्डर करून त्यात फायली टाका! दोन लिमिटची खिचडी केली की असे सल्ले निघतात.

"रॅम 4 एमबी करा." नाही. तो तुकडा ठरलेल्या मापाचा आहे, अर्धा एमबी असो की चार.

आता फोल्डर100. हा अटारीचा स्वतःचाच प्रोग्रॅम आहे, कोणा पोराने घरी बसून केलेला जुगाड नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फोल्डरमधला ई गाळलाय कारण नाव आठ अक्षरांत बसवायचं, पाच अक्षरं आणि तीन आकडे. आणि ते तीन आकडे शोभेचे नाहीत! प्रोग्रॅम ऑटो फोल्डरमध्ये (ह्यातले प्रोग्रॅम मशीन चालू होताना आपोआप चालतात) स्वतःचंच नाव बघतो आणि आकडा वाचून तेवढ्या जास्तीच्या नोंदींची जागा मेमरीतून जोडून देतो. म्हणजे लिमिट 100 होत नाही, आधीच्या चाळीसात 100 ची भर पडते. 200 हवेत? फाइलला रिनेम करून 100 चं 200 करा, रीसेट मारा, झालं. सेटिंगची स्क्रीन नाही, काही नाही, मला तर हे भारीच आवडतं. फक्त उगाच 900 करू नका, ती जागा तुमच्याच रॅममधून जाते.

गोची एकच. ऑटो फोल्डरमधले प्रोग्रॅम एबीसीडीच्या क्रमाने चालत नाहीत, डिस्कवर ज्या क्रमाने कॉपी झाले त्या क्रमाने चालतात. फोल्डर100 पहिला चाललेला बरा. तेव्हा ऑटोमधलं सगळं बाहेर काढायचं, आधी हा कॉपी करायचा, मग बाकीचे एकेक. खिडकीत नावाप्रमाणे लावलेली यादी बघून फसू नका, मी दोनदा फसलोय.

"टॉस 1.04 टाकलं की विषय संपला." बराचसा संपतो, पूर्ण नाही. 1989 मधल्या ह्या टॉसला पाटी पुसता येते, वापरात नसलेल्या फोल्डरच्या नोंदी तो परत वापरतो. पण तुकडा तेवढाच आहे, आणि वापरात असलेल्या नोंदींनीच भरला तर काय करणार? नंतरच्या टॉसमध्ये तर जागा संपल्यावर फोल्डर100 वापरा असं सांगून मशीन थांबवणारा मेसेजच घालून ठेवलाय, विषय संपला असता तर कशाला घातला असता. चिप घ्यायच्याच असतील तर आधी मशीन उघडून सॉकेट मोजा, काही बोर्डवर टॉस सहा चिपमध्ये असतो, काहींवर दोनमध्ये.

राहिला एम्युलेटर. हटारी नावाच्या एम्युलेटरमध्ये तुम्ही तुमच्या पीसीवरचा एखादा फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडता ना, तेव्हा फायलींची कामं हटारी मधल्या मध्ये पकडून पीसीकडूनच करून घेतो, जेमडॉसच्या पाटीपर्यंत ती जातच नाहीत. मग चारशे फोल्डर उघडले तरी काय होणार. अफवा आहे का बघायचीच असेल तर हार्ड डिस्कची इमेज फाइल करा, ती एसीएसआय (एसटीचं हार्ड डिस्क जोडायचं पोर्ट) म्हणून जोडा, टॉस 1.02 लावा, ऑटोमध्ये फोल्डर100 नको, पन्नास-साठ फोल्डर करा आणि रीसेट मारून शो इन्फो दाबा. बॉम्ब आले तर मोजा, दोन म्हणजे बस एरर, तीन म्हणजे अ‍ॅड्रेस एरर.