‘आधी शिका, मग शिकवा’ लिहिणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

परसातल्या पक्ष्यांचे फोटो नवशिक्याने कसे काढावेत, या माझ्या लेखातल्या बुलबुलाच्या फोटोवर तुम्ही लिहिलंत, “साध्या झूम लेन्सने मागचं एवढं धूसर होत नाही, हे ॲपमध्ये केलंय. आधी शिका, मग शिकवा.” शिवाय आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) जास्त आहे, परसात ठेवलेल्या पाण्याच्या परळाने पक्ष्यांच्या सवयी बिघडतात, खरे पक्षी बघायचे तर पैठणजवळच्या जायकवाडी पक्षी अभयारण्यात जावं, असंही.

शंका घ्यायला माझी ना नाही. पण शंका विचारणं वेगळं आणि चारचौघांत खोटं पाडणं वेगळं. “हे कसं जमलं?” एवढंच विचारलं असतंत तर मी आनंदाने सगळं सांगितलं असतं. तुम्ही थेट निकालच देऊन मोकळे झालात.

मी परभणीत लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे लाइट धरण्यापासून सुरुवात केली. रोल मोजून मिळायचे. नवरीला मंडपाच्या कापडापासून चार पावलं पुढे उभं केलं की मागची नक्षी विरघळते, हे तिथे डोळ्यांनी पाहून शिकलो. तेव्हा कुठलं ॲप होतं? हे शिकणं नसेल तर शिकणं म्हणजे काय, तेही लिहायचं होतंत.

आता लेन्स. माझी 55-250 मिमीची साधी झूम लेन्स आहे. 250 मिमीला, म्हणजे पूर्ण झूमला, तिचं छिद्र एफ/5.6 पेक्षा जास्त उघडत नाही, आणि छिद्र जितकं मोठं तितकं मागचं धूसर. तरी बुलबुल 3 मीटरवर असला तर क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरवर जेमतेम 3 सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. 10 मीटरवरून काढलात तर तोच 30 सेंटिमीटरच्या वर जातो. म्हणून तर लेखात मी किमतीपेक्षा अंतराबद्दल एवढं लिहिलं. पक्षी जवळ हवा आणि त्याच्या मागचं सगळं लांब हवं. सुकी फांदी भिंतीपासून दूर रोवायची, आपण जमिनीवर बसायचं, मग मागे लांबची कडुनिंबं येतात आणि त्यांचा नुसता हिरवा रंग उरतो. माळवदावरून खाली नेम धराल तर पक्ष्यामागे लगेच माती येते, तिचा खडा न् खडा दिसतो.

आणि ॲपचा आरोप करण्याआधी ती फांदी तरी नीट बघायची. बुलबुलाच्या पायाखाली ती स्पष्ट आहे, पुढे सरकत हळूहळू धूसर होत जाते. शेंडीचं टोकसुद्धा शाबूत आहे. ॲपमधल्या धूसरपणात बहुतेक वेळा शेंडीच्या कडेलाच गडबड होते. हे न बघता बोट उचलायचं, याला मी टीका म्हणत नाही.

आयएसओ थोडा कमी चालला असता, हे तुमचं बरोबर.

परळाबद्दल मात्र ऐकून घेणार नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो. पाणी रोज बदलतो, परळ घासून ठेवतो. आणि जायकवाडीला हिवाळ्यात मीही जातो, पण ज्याच्या दारातल्या शेवग्यावर शिंजीर येतो त्याला पैठणला कशाला पिटाळायचं?

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली कसलाही बदल न केलेली फाइल, माझ्याकडे आहे. मागितलीत तर पाठवीन. मात्र “आधी शिका” हे वाक्य आधी मागे घ्या.