पीव्हीसी पॅनल ठोकल्याने भिंतीची ओल थांबत नाही

पावसाळा सरत आला की एक मेसेज फिरू लागतो: "ओल आलेल्या भिंतीवर पीव्हीसी पॅनल ठोका. ओल कायमची बंद, खर्च रंगापेक्षाही कमी." यात पॅनल पाण्याने खराब होत नाही, एवढंच खरं. पाणी येतं ते बाहेरच्या भेगेतून, वरच्या मजल्याच्या बाथरूममधून, नाहीतर पायातून वर चढून. पॅनलमागे ते येतच राहतं, फक्त दिसत नाही. आतल्या लाकडी पट्ट्या कुजतात, बुरशी धरते, खोलीला कुबट वास सुटतो. पीओपीचा थर दिला तरी तीच गत. त्याला ओल सोसत नाही, फुगून पोपडे पडतात.

आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या. मग स्वस्तात स्वस्त म्हणजे चुनाच. कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक (नाहीतर पाठ टेकली की शर्ट पांढरा) आणि किंचित नीळ. भिंतीवर पाणी शिंपडून दोन-तीन पातळ हात द्यायचे. ओला असताना चुना जवळजवळ दिसतच नाही, पांढरेपणा वाळल्यावर उघडतो. म्हणून धीर सोडून जाड हात मारलात तर पापुद्रे सुटणार. भिजवताना चुना खदखदतो. प्लास्टिकची बादली नको आणि डोळे सांभाळा. जुन्या ऑइलपेंटवर मात्र तो धरत नाही, खरवडावंच लागतं.

छताचं म्हणाल तर स्लॅब सरळ असेल तिथे फॉल्स सीलिंग हा निव्वळ हौसेचा खर्च. व्हाइट सिमेंटची पुट्टी आणि वर डिस्टेंपर, काम झालं.