गुन्हा वेगळा, कलम भलतंच

‘चला हवा येऊ द्या’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमावर एक लांबलचक मेसेज सध्या नाशकातल्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. कोणी लिहिला त्याचा पत्ता नाही, पण खाली हात जोडल्याच्या खुणा भरपूर. म्हणणं असं, की या कार्यक्रमानं दहा वर्षांत मराठी विनोदाची माती केली. पुरावे पाच: पुरुषांना साड्या नेसवल्या, गावाकडच्या बोलीची टिंगल केली, दूरदर्शनची सभ्य परंपरा मोडली, नाटकाचा प्रेक्षक पळवला आणि सिनेमावाल्यांची जाहिरात केली.

१८ ऑगस्ट २०१४ ला झी मराठीवर सुरू झालेला आणि मार्च २०२४ मध्ये थांबलेला हा कार्यक्रम मीही पाहिलाय. बराच हसलोय, शेवटी शेवटी कंटाळून चॅनलही बदललंय. त्यामुळे त्याची आरती ओवाळायला बसलेलो नाही. पण आरोप करायचे तर नीट करा ना राव.

साडीपासून सुरुवात करू, कारण मेसेजमध्ये सगळ्यात जास्त तळतळाट त्याच्यावर आहे. पुरुषानं बाईचं सोंग घेणं ही म्हणे ‘टीआरपीसाठी काढलेली विकृती’. हे नाशिककरानं पुढं पाठवावं याची मला गंमत वाटते. आपले दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा ते काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केलं. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही रंगवले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात सहली काढायच्या आणि भाऊ कदमच्या शांताबाईला संस्कृतीबुडवी म्हणायचं, हे काही जुळत नाही. बालगंधर्वांचं नाव तर घेतच नाही, ते सगळ्यांच्या तोंडी असतं. पण तमाशातल्या गवळणीतली मावशी कोण करायचं? पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, देवींची सोंगं कोण नाचवतं? पुरुषच.

बालगंधर्वांची साडी आणि भाऊची साडी एक नाही, हे मला मान्य आहे. गंधर्वांना पाहून बायका साडी कशी नेसायची ते शिकायच्या. भाऊला पाहून कोणी काही शिकत नाही. तो मावशीच्या घराण्यातला आहे, आवाज न बदलता, सोंग आहे हे न लपवता उभा राहणारा. सागर कारंडेची पुणेरी बाई वेगळी. तिच्यात हातवारे कमी, बोलण्याची ढब अचूक, एखाद्या खऱ्या काकूंना शेजारी बसून ऐकल्यासारखी. दोघांनाही ‘साडीतला पुरुष’ या एकाच पोत्यात भरलं की पाहणाऱ्यानं नीट पाहिलंच नाही हे कळतं.

साडीवरून विचारायचाच, तर प्रश्न दुसरा आहे. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे आणि सूत्रधार डॉ. निलेश साबळे. या कायमच्या मंडळींत वर्षानुवर्षं ठळक बाई एकच, श्रेया बुगडे. ती नक्कल करण्यात या सगळ्यांना पुरून उरते, तरी स्किटमध्ये चार बाया लागल्या की तीन पुरुष उभे. फाळक्यांना बाई मिळत नव्हती. २०१४ साली काय अडचण होती? सोनी मराठीवर २०१८ ला ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली आणि तिथं विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, रसिका वेंगुर्लेकर, चेतना भट अशा एकीपेक्षा एक बायांनी स्किट खांद्यावर उचलली. म्हणजे बाया होत्या. झीनं २०२० ला ‘लेडीज जिंदाबाद’ म्हणून वेगळं पर्व काढलं, पण वेगळं पर्व काढावं लागलं यातच काय ते आलं.

याचा परिणाम घरापर्यंत पोचला. सिडको-इंदिरानगरच्या कुठल्याही सोसायटीच्या गणपतीत सातव्या-आठव्या दिवशी जा. तयार शिवलेली नऊवारी भाड्यानं आणलेली असते, सेक्रेटरी मिशीसकट त्यात शिरलेले असतात, आणि त्यांच्या सौ. तोंडात चार सेफ्टी पिना धरून मागून पदर टाचत असतात. पदर बसला की सेक्रेटरी स्टेजवर, हशा-टाळ्या. सौ. खाली उतरून प्रसादाच्या टेबलामागे. संवाद त्यांना एकही नाही. मेसेज लिहिणाऱ्याला यातली मिशी खटकली, मला टेबल खटकतं.

बोलीची टिंगल हा दुसरा मुद्दा. थुकरटवाडी नावाचं गाव रचलं आणि गावकऱ्यांना वेडगळ दाखवलं, असं मेसेज म्हणतो. भाग नीट आठवा. गावात पाहुणे म्हणून यायचे ते सिनेमातले तारे, सोफ्यावर बसायचे, आणि टोपी उडायची ती त्यांची. शाहरुख खान आला तरी गाव आपल्याच भाषेत बोलत राहिलं. भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी त्याआधी टीव्हीवर ऐकायची तर बहुतेक घरगड्याच्या नाहीतर हवालदाराच्या तोंडून. त्यांनी ती आठवड्यातून दोन रात्री, उपशीर्षकं न लावता, सगळ्या महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात नेली. आमची तक्रार उलटी असायला हवी: कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आपल्या कसमादे पट्ट्यातल्या अहिराणीला तिथं वऱ्हाडीइतकी जागा मिळाली नाही. टिंगल झाली ती बोलीची नाही, अंगाची. भाऊचा रंग, कुणाचं पोट, कुणाची उंची. सुचेना झालं की या खुंटीला विनोद टांगायचा, ही सवय लागली होती आणि ती वाईटच होती. मेसेजमध्ये मात्र याबद्दल चकार शब्द नाही.

दूरदर्शनचा मुद्दा झटकन संपवतो. ‘गजरा’ चांगला होता, ‘चिमणराव’ तर होताच होता. पण तेव्हाचे भाग मोजके आणि तयारीला उसंत. इथं सोमवार-मंगळवार रात्री साडेनऊ, म्हणजे वर्षाला शंभराच्या घरात भाग. त्यातले उत्तम दहा काढा आणि मग ‘गजरा’तल्या आपल्याला आठवणाऱ्या दहांशी लावा. टुकार ‘गजरा’ही झाला असेल, तो कुणी आठवणीत ठेवला नाही इतकंच.

आणि सभ्यतेचं म्हणाल, तर याच कार्यक्रमात सागर कारंडे खाकी कपड्यांत पोस्टमन होऊन यायचा आणि पिशवीतून एक पत्र काढून वाचायचा. लिहिलेलं अरविंद जगतापांचं. शेतकऱ्याचं, सैनिकाचं, घरातल्या म्हाताऱ्यांचं दुखणं त्या पत्रांत असायचं. पाच मिनिटांपूर्वी ज्या माणसाला लुगड्यात पाहून लोक खिदळत होते, त्याच्याच तोंडून ते ऐकताना समोरचे पाहुणे डोळे पुसायचे. दर आठवड्याला रडवणं हीही पुढं युक्ती झाली, नाही असं नाही. पण हशाच्या मधोमध इतकं संथ, एका माणसानं उभं राहून केलेलं वाचन ठेवायला धाडस लागतं, आणि सुरुवातीची पत्रं खरोखर चांगली होती.

नाटकाचा प्रेक्षक पळवला म्हणे. कालिदास कलामंदिरच्या तिकीट खिडकीशी जरा वेळ उभं राहून बघा. येणारा माणूस नाटकाचं नाव विचारत नाही, लेखकाचं तर नाहीच. तो विचारतो, “कोण कोण आहे त्यात?” उत्तरात टीव्हीवरचं नाव आलं की पाकीट बाहेर निघतं. भाऊ कदम आणि ओंकार भोजने यांचं ‘करून गेलो गाव’ असो की विशाखा-नम्रताचं ‘कुर्रर्रर्र’, ही नाटकं या स्किटवाल्यांच्या नावावरच उभी राहिली. नाटकाच्या अडचणी भाड्याच्या आहेत, तारखांच्या आहेत, शनिवार-रविवारपुरत्या उरलेल्या प्रेक्षकाच्या आहेत. त्यांचं बिल साबळ्यांच्या नावानं फाडण्यात अर्थ नाही.

राहिली जाहिरात. हा आरोप मेसेजनं शेवटी, जाता जाता, एका ओळीत उरकलाय, आणि खरं दुखणं तिथंच आहे. जाहिरात होती का? होती. शुक्रवारी येणाऱ्या सिनेमाची मंडळी सोमवारी येऊन बसायची. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. छोट्या मराठी निर्मात्याकडे गावोगाव पोस्टर लावायला पैसे नसायचे, आणि आमच्यासारख्यांना शुक्रवारी मराठीत काय लागतंय ते बऱ्याचदा याच सोफ्यावरून कळायचं. ‘सैराट’ची पोरं २०१६ ला आली तेव्हा तर पाहुणे आणि गाव यांत फरकच राहिला नाही.

अडचण झाली ती लिहिणाऱ्याची. स्किट पाहुण्यांच्या सिनेमावर बेतायचं, म्हणजे विषय आपण निवडायचा नाही, तो प्रदर्शनाची तारीख निवडणार. सिनेमा भुक्कड असेल तरी तसं म्हणायची सोय नाही, कारण ज्यांचा सिनेमा ते समोर बसलेले. मालेगावात नासीर शेखनं ‘शोले’ची मालेगावी आवृत्ती काढली, ती हसवते कारण त्यानं ‘शोले’ स्वतः निवडला होता आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ होता. अजून न आलेल्या सिनेमाचं विडंबन कसं करणार? प्रेक्षकानं पाहिलेलाच नाही, तो हसणार कशाला? मग लेखक जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींकडे वळतो, शोलेकडे, महाभारताकडे, शाळेच्या वर्गाकडे, आणि पाहुण्यांच्या सिनेमाचं नाव त्यात कुठंतरी अडकवतो. हे पन्नास वेळा छान जमतं. पाचशे वेळा नाही. मग साडी, पोट, रंग आणि खुर्चीवरून पडणं. मेसेजनं ज्याला रोग म्हटलंय ते बहुतेक या रोगाचं लक्षण आहे.

महाराष्ट्र दौरा, भारत दौरा, विश्व दौरा, ‘होऊ दे व्हायरल’, ‘शेलिब्रिटी पॅटर्न’ अशी पर्वांची नावं बदलत राहिली ती यातून सुटायच्या धडपडीतच, असा माझा अंदाज. दौऱ्यांनी निदान जागा बदलली, समोरचे चेहरे बदलले. पण दर आठवड्याचे भाग सुरूच राहिले, आणि चार-सहा महिने थांबून ताजं लिहून परत या, अशी मोठी सुट्टी काही कुणी दिली नाही. कार्यक्रम बंद झाल्यावर पुढच्याच महिन्यात साबळे आणि भाऊ कलर्स मराठीवर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ घेऊन आले, आणि तो फार काळ टिकला नाही. उसंत तिथंही नव्हती. झीनं मात्र जुलै २०२५ मध्ये अभिजीत खांडकेकरला सूत्रधार करून नवं पर्व आणलं, मध्ये सव्वा वर्ष गेल्यावर. एवढी लांब सुट्टी कार्यक्रमाला मिळाली ती बंद पडल्यावरच.